कपड्याला ऊन मिळावे म्हणून

प्रति,
मा. मंत्री, ग्रामविकास व पंचायत राज,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मासिक पाळीसाठी धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या साधनांना शासकीय योजनांत स्थान मिळण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,


८ मार्च २०१८ रोजी ग्रामविकास विभागाने अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील ११ ते १९ वयोगटातील मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचे पाकीट, तसेच ग्रामीण स्त्रियांना बचत गटांमार्फत सवलतीच्या दरात पॅड देण्याचे ठरवले. किराणा दुकानात वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून हळूच हाती दिली जाणारी वस्तू त्यामुळे शासन निर्णयाच्या भाषेत आली, बचत गटाच्या बैठकीत तिच्याविषयी मोकळेपणी बोलले जाऊ लागले, आणि हे श्रेय विभागाला दिलेच पाहिजे. प्रस्तुत पत्र त्या योजनेच्या विरोधात नाही. पाळीच्या स्वच्छतेचा सरकारी विचार ‘कपडा सोडा, पॅड घ्या’ या एकाच पायरीवर थांबला आहे आणि धुऊन पुन्हा वापरता येणारी साधने त्यातून जवळजवळ वगळली गेली आहेत, याकडे लक्ष वेधण्यासाठी ते लिहिले आहे. कपड्याच्या माथी जो दोष मारला गेला, तो बऱ्याच अंशी त्याला पाणी, आडोसा आणि ऊन न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असे या पत्राचे म्हणणे आहे.

एकदा वापरून टाकून द्यायचे पॅड उसवून पाहिले तर त्यात प्रामुख्याने तीन थर सापडतात. त्वचेला लागणारा वरचा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकच्या धाग्यांचा, न विणता दाबून केलेला पातळ पडदा असतो. मधल्या थरात लाकडाचा लगदा आणि त्यात मिसळलेले अतिशोषक बहुवारिक असते, म्हणजे ओल लागताच स्वतःच्या वजनाच्या अनेक पट द्रव धरून फुगणारी पांढरी, रवाळ भुकटी. आणि तळाशी डाग बाहेर जाऊ नये म्हणून पॉलिथिलीनचा पापुद्रा व त्यावर चिकटपट्टी असते. पॅड कोरडे वाटते ते या रचनेमुळे, आणि मातीत पुरले तरी त्यातला लगदा कुजून प्लास्टिक तसेच राहते तेही या रचनेमुळेच.

धुऊन वापरायच्या साधनांचे मुख्य प्रकार तीन. पहिले कापडी पॅड : सुती किंवा फ्लॅनेलच्या कापडाचे थर एकावर एक शिवून, खाली ओल झिरपू न देणारे अस्तर लावून, दोन्ही बाजूंच्या पंखांना टिचबटण बसवून ते अंतर्वस्त्रावर पक्के केले जाते, आणि चार-सहा पॅडचा संच नीट राखला तर काही वर्षे पुरतो. दुसरा प्रकार म्हणजे हेच शोषक थर आतून शिवलेले अंतर्वस्त्र. तिसरा प्रकार म्हणजे पाळीचा कप, म्हणजेच वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा, घंटेच्या आकाराचा छोटा पेला, जो घडी घालून योनिमार्गात सरकवला जातो, आत गेल्यावर उमलून कडेने घट्ट बसतो आणि रक्त शोषून न घेता साठवून ठेवतो. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि कपात एका वेळी साधारण २० ते ३० मिलिलिटर मावते, त्यामुळे रोज दोन-तीनदा तो रिकामा करून धुतला आणि पाळी संपल्यावर उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवला की पुरते. असा कप १० वर्षांपर्यंत चालू शकतो. पाळीला १० पॅड आणि वर्षाला १२ पाळ्या धरल्या, तर तेवढ्या काळात एका स्त्रीच्या वापरातून १२०० पॅड कचऱ्यात जातात.

ही साधने योजनांबाहेर का राहिली, याचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत देशभरातील १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांना पाळीत काय वापरले जाते असे विचारले, तेव्हा ६४ टक्के स्त्रियांनी सॅनिटरी नॅपकिन, ५० टक्के स्त्रियांनी कपडा आणि १५ टक्के स्त्रियांनी स्थानिक पातळीवर तयार केलेले नॅपकिन असे उत्तर दिले; कपाचा वापर ०.३ टक्के इतकाच आढळला. या आकड्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते, कारण एकच स्त्री एकाहून अधिक साधने वापरते. घरी कपडा आणि कॉलेजला जाताना पॅड ही तिची रीत असते. सर्वेक्षणाने ‘स्वच्छ पद्धत’ म्हणून जी साधने गणली, त्यांत दोन्ही प्रकारचे नॅपकिन, टॅम्पॉन आणि कप आहेत; कपडा नाही. तो कसा धुतला, किती वेळाने बदलला, कोठे वाळवला, हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही. परिणामी बारा-बारा तास न बदललेले पॅड स्वच्छतेच्या रकान्यात जाते आणि रोज साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेला कपडा अस्वच्छतेच्या. जिल्ह्याची टक्केवारी वर काढायची असेल तर कपडा वापरणारीला पॅडकडे वळवणे एवढा एकच मार्ग मग अधिकाऱ्यांपुढे उरतो, आणि तिला धुण्या-वाळवण्याची सोय करून देण्याचे श्रम कोणत्याच तक्त्यात दिसत नाहीत.

येथे अस्मिता योजनेतील पाकिटाचाच हिशेब करून पाहावा. त्यातली ८ पॅड पाळीच्या ४ दिवसांवर वाटली तर दिवसाला दोन येतात, म्हणजे प्रत्येक पॅड १२ तास. स्त्रीरोगतज्ज्ञ साधारणपणे ४ ते ६ तासांनी पॅड बदलावे असे सांगतात, तेव्हा दुसरे पाकीट घेण्याची ऐपत नसलेली मुलगी एकतर तेच पॅड ताणून वापरते किंवा पुन्हा घरातल्या कपड्याकडे वळते. कपडा तिच्या आयुष्यातून गेलेला नसतो. तो फक्त सरकारच्या नजरेआड झालेला असतो.

म्हणून तो कपडा नेमका कोठे वाळतो याचा माग काढणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, पापड, सांडगे यांच्या वाळवणाला अंगणातली किंवा माळवदावरची भरउन्हाची जागा मिळते, कावळ्या-चिमण्यांपासून राखण करायला एखादे पोरही बसवले जाते. धोतरे, परकर, गोधड्या दोरीवर राजरोस पसरतात. पाळीचा कपडा मात्र त्याच दोरीवर आला तरी साडीच्या खाली, दुहेरी घडीत येतो, आणि पुष्कळ घरांत दोरीपर्यंत पोहोचतच नाही. मोरीमागच्या खुंटीला, गोठ्यातल्या वाशाला, माळ्यावर पाटीच्या आड, ट्रंकेच्या मागे तो अंधारात लोंबत राहतो, कारण पुरुषमाणसाच्या नजरेला तो पडू नये अशी शिकवण मुलीला पहिल्या पाळीबरोबरच मिळालेली असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाचे चार महिने तर ऊन दिसेल तो दिवस भाग्याचा. दुसऱ्या दिवशी हात लावला की कपडा वरून सुकलेला वाटतो, पण दुमडीत बोट घातले की दमटपणा लागतो, नाकाशी नेला की कुबट वास येतो, आणि घडीच्या रेषेवर बुरशीचे बारीक काळपट ठिपके धरलेले दिसतात. साबण अंगभर फिरवण्याइतके पाणी मिळाले नसेल तर काठ कडक होतो आणि शेतातून चालताना मांडी सोलून निघते. हाच कपडा पुढच्या महिन्यात पुन्हा बाहेर काढला जातो.

यातून आजार होतात हे नाकारण्याचे कारण नाही. ओडिशात रुग्णालयात आलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुन्हा वापरायचा कपडा घेणाऱ्या स्त्रियांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. मात्र त्याच अभ्यासात हा संसर्ग कपडा घरात वाळवण्याशी आणि शौचालयात ठेवण्याशीही जोडलेला दिसला, आणि धोरण आखणाऱ्यांनी नेमके येथे थांबून विचार करायला हवा होता. रक्ताचा कपडा आधी थंड पाण्यात भिजवावा, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने धाग्यात पक्की बसतात. मग साबणाने चोळून, भरपूर पाण्यात खळबळून, उघड्यावर उन्हात पूर्ण वाळवावा आणि कोरड्या सुती पिशवीत ठेवावा. यात अवघड असे काही नाही. ज्या घरात तान्ह्या बाळाची दुपटी दिवसातून दहादा धुतली आणि वाळवली जातात, त्या घराला ही कला शिकवावी लागत नाही. तिथे अडथळा येतो तो लाजेचा आणि पाण्याचा.

टाकून दिलेल्या पॅडचे ओझे कोणाच्या हातावर पडते, हे शहरांत कचरावेचक स्त्रियांनी सर्वांत आधी बोलून दाखवले. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्यांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड व डायपर पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवली, आणि पुढच्या काळात, वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते हाताने उघडून पाहावे लागणार नाही, अशी साधी मागणी नागरिकांपुढे ठेवली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सॅनिटरी कचऱ्याची स्वतंत्र व्याख्या आली आणि पॅड गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. पण हे नियम जेथे घंटागाडी येते तेथल्यासाठी उपयोगाचे. घंटागाडी न येणाऱ्या वाडीवर वापरलेले पॅड उकिरड्यात, ओढ्यात किंवा शौचालयाच्या खड्ड्यात जाते. स्वच्छ भारत अभियानात गावोगावी बांधलेल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाची सारी कल्पनाच अशी आहे की एक खड्डा भरला की तो बंद ठेवावा, आतला मैला कुजून खत व्हावा आणि मग तो उपसावा. त्या खड्ड्यात पडलेले पॅड खत होत नाही आणि उपसणाऱ्याच्या फावड्याला जसेच्या तसे लागते. शाळांत बसवलेली लहान दहनयंत्रे हाही खात्रीचा उपाय नाही, कारण पुरेसे उच्च तापमान न मिळता प्लास्टिक आणि क्लोरीनयुक्त द्रव्ये धुमसत जळली तर डायॉक्सिन व फ्युरान ही घातक संयुगे तयार होऊ शकतात, आणि त्या यंत्राची नळी बहुधा मुलींच्या शौचालयाच्याच भिंतीतून बाहेर निघालेली असते.

असे असूनही धुऊन वापरायची साधने हा सर्व स्त्रियांसाठी एकच उपाय आहे असे मानणे अन्यायाचे होईल. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतील स्त्रीची स्थिती त्यासाठी समोर ठेवावी लागते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ पडून दंड कापला जातो; राहण्यासाठी उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी असते, तीत वाकून शिरावे लागते, शौचालय नसते, आंघोळ पहाटेच्या अंधारात उरकावी लागते. तत्कालीन विधान परिषद उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींत एकीचे. त्यामागील वैद्यकीय आणि आर्थिक कारणे अनेक आहेत. तरीही पाळी हा कामातला अडथळा वाटावा अशी परिस्थिती हे त्यांतले एक आहे, हे कोणीही संवेदनशील माणूस ओळखेल. या स्त्रीच्या हाती कापडी पॅड देऊन ‘उन्हात वाळवा’ असे सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. तिला आधी कोपीजवळ पाणी, कुडाचा का होईना आडोसा, आणि पाळीच्या दिवसांत खाडा न पडण्याची हमी हवी. तोवर तिच्यासाठी एकदा वापरायचे पॅड पुरेशा संख्येने फडावर पोहोचलेच पाहिजे, आणि ते वापरून झाल्यावर उसाच्या सरीत पुरावे लागणार नाही अशी संकलनाची सोय साखर कारखान्याने केली पाहिजे.

कपाच्या बाबतीत केरळ राज्याचा अनुभव समोर आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळात आलप्पुळा येथील मदत छावण्यांत वापरलेल्या पॅडची विल्हेवाट कशी लावावी हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यातून २०१९ मध्ये तेथील नगरपालिकेने सार्वजनिक क्षेत्रातील एचएलएल लाइफकेअरच्या साह्याने ‘तिंकळ’ या प्रकल्पातून ५००० कप मोफत वाटले. तिंकळ म्हणजे चंद्र. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी ही देशातील पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त ग्रामपंचायत म्हणून जाहीर झाली. घोषणा आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर असतेच, आणि ‘मुक्त’ हा शब्द स्त्रियांच्या निवडीच्या बाबतीत जपूनच वापरावा. परंतु खाडीने वेढलेल्या एका मासेमारी गावात हा विषय पंचायतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला, ही गोष्ट लहान नाही. कपाच्या सुरक्षिततेविषयी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३३१९ स्त्रिया व मुलींचा अनुभव जमेस धरला होता. गळतीच्या बाबतीत कप पॅडइतका किंवा त्याहून बरा ठरला आणि वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी तो पुढेही वापरण्याची इच्छा दाखवली. मात्र सवय व्हायला काही पाळ्या जाव्या लागतात आणि त्या काळात शेजारी विचारायला कोणी नसेल तर कप डब्यातच राहतो, हेही त्यातून दिसते.

कपाविषयी दोन गोष्टी स्पष्ट बोलल्याशिवाय तो खेड्यात रुजणार नाही. एक वैद्यकीय आहे : तांबी बसवलेली असेल तर कप ओढताना तिचा धागा ओढला जाण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणानंतर अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रीला तो नीट बसत नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणीनंतरच अशा स्त्रियांनी तो घ्यावा. दुसरी गोष्ट कौमार्याच्या कल्पनेची. कपाने योनिपटल ताणले जाईल आणि मुलगी ‘खराब’ होईल, या भीतीने अनेक आया तो घरात येऊ देत नाहीत. योनिपटलाची ठेवण स्त्रीगणिक वेगळी असते आणि त्यावरून शरीरसंबंध झाला की नाही हे सांगता येत नाही, हे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या लक्षणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला तो यासाठीच. जी गोष्ट डॉक्टरांच्या पुस्तकातून गेली ती आशा सेविकेच्या प्रशिक्षणातूनही गेली पाहिजे. ज्या भाषेत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याविषयीचे मासिक चालवले, त्या भाषेत हे शब्द उच्चारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता विभागाकडे असलेल्या मागण्या. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी व अंतर्वस्त्रांसाठी आयएस १७५१४ हे स्वतंत्र मानक आणले आहे; अस्मितासारख्या योजनांच्या पुढील निविदेत या मानकात बसणाऱ्या कापडी पॅडचा पर्याय उघडावा, म्हणजे ‘दर्जाचे काय’ हा आक्षेप राहणार नाही. ही पॅड कोठूनतरी ट्रकने आणण्याचीही गरज नाही. ‘उमेद’ अभियानातील हजारो बचत गटांत शिवणयंत्र चालवणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि पुण्यातील ‘समाजबंध’ ही संस्था जुन्या सुती कपड्यांपासून पुन्हा वापरायची पॅड शिवून आदिवासी पाड्यांपर्यंत नेण्याचे काम करते, तेव्हा कौशल्य आणि उदाहरण दोन्ही राज्यातच उपलब्ध आहेत. कोणत्याही मुलीवर एक साधन लादू नये : पाकीट, कापडी संच आणि सज्ञान स्त्रीसाठी कप यांतून तिने निवडावे, एक घेऊन पाहिल्यावर बदलण्याची मुभा तिला असावी, आणि कापडी संच घेतला म्हणून तिचे पॅडचे पाकीट बंद होऊ नये. जिल्ह्यांचे अहवाल मागवताना किती पाकिटे वाटली याबरोबरच शाळेतल्या मुलींना दिवसातून किती वेळा साधन बदलता आले, धुवायला पाणी होते का, वाळवायला जागा होती का, हेही विचारले जावे.

शेवटची मागणी खर्चाने सर्वांत लहान आहे आणि म्हणूनच ती राहून जाण्याची भीती जास्त आहे. जिल्हा परिषद शाळा आणि सार्वजनिक शौचालये यांच्या अंदाजपत्रकात, तसेच आदिवासी विकास व शालेय शिक्षण या विभागांशी बोलून अनुक्रमे आश्रमशाळांच्या व कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांच्या वसतिगृहांच्या अंदाजपत्रकात, मुलींच्या स्नानगृहाला लागून एक छोटे आवार धरावे : खांद्याच्या वर उंचीची भिंत, वर आकाश मोकळे, पावसाळ्यासाठी अर्ध्या भागावर पारदर्शक पत्रा, धुण्याचा दगड, पाण्याची तोटी, आणि दक्षिणेकडे तोंड करून ताणलेल्या दोन तारा. आत जाण्याचे दार मुलींच्या बाजूला असावे आणि त्याची किल्ली शिपायाकडे नसावी.

कळावे.